डिप्लोमा नावाचा मेंढा

टेबलावर पालथ्या घातलेल्या चिठ्ठ्यांमधून नुरगाझीने एक उचलली. प्रश्न होता : माणूस स्वतंत्र आहे का?

गेल्या वर्षीही हाच आला होता. त्याच्या आदल्या वर्षीही. सगळ्या चिठ्ठ्यांवर हाच प्रश्न असावा असा त्याला संशय होता, पण एकच उचलायची परवानगी असल्यामुळे खात्री करता येत नव्हती.

त्याने मागच्या बाकावर बसून तयारी केली आणि पुढे येऊन उत्तर दिलं. तोक्तोसून सरांनी डोळे मिटून ऐकलं. उल्झान बाईंनी मध्येच त्याचा चहा गरम करून दिला.

"उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "पण अजून मुरलेलं नाही."

"म्हणजे नापास?"

"तू त्याला नापास का म्हणतोस, हाही एक चांगला प्रश्न आहे. पुन्हा बस."

नारीन या डोंगराळ शहरातल्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा विभाग म्हणजे एक खोली, दोन प्राध्यापक, एक शेगडी आणि नुरगाझी. शेजारी पूर्वी भूगर्भशास्त्र होतं. त्यांचा शेवटचा विद्यार्थी पास झाला आणि त्याच उन्हाळ्यात दारावरची पाटी उतरली. तिथले सर आता टॅक्सी चालवत आणि वाटेतल्या डोंगरांची वयं फुकट सांगत. नुरगाझीला मात्र कुणी काही कमी पडू दिलं नाही. उल्झान बाई दर हिवाळ्यात त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणत. पोरगं टिकलं पाहिजे, असं त्या म्हणत.

अडचण गावाकडे होती. त्याला प्रवेश मिळाला तेव्हा आईने एक कोकरू घेतलं होतं आणि चार वडीलधाऱ्यांसमोर हात उंचावून सांगितलं होतं, की पोराच्या पदवीच्या जेवणाला हेच कापेन. तिकडे ऐपतवाले अशा जेवणाला घोडं कापत, तिची ऐपत कोकराचीच होती. आता शब्द फिरवता येत नव्हता. कोकराचा मेंढा झाला, मेंढ्याचा म्हातारा मेंढा झाला. गावाने त्याचं नाव डिप्लोमा ठेवलं. "डिप्लोमा आज उठला का?" असं लोक येता-जाता आईला विचारत, आणि आई भिजवलेली भाकरी घेऊन गोठ्यात जाई.

"दात गेले रे त्याचे," ती फोनवर म्हणाली. "तू काय ते लवकर आटप. तो आधी मेला तर मी गावात तोंड कुठे दाखवू?"

नुरगाझी उन्हाळ्यात घरी आला तेव्हा डिप्लोमाने खाणं टाकलं होतं. मामाची मुलगी बेगिमाय त्याच्या तोंडात हात घालून बसली होती. एक किडका दात उरला होता. तिने त्याला दोरा बांधला, दुसरं टोक दाराला, आणि दार लावलं. संध्याकाळी मेंढा पुन्हा भिजवलेली भाकरी खायला लागला.

या मुलीला राजधानीत, बिश्केकला दंतवैद्यकीला प्रवेश मिळाला होता. मामाचं ते अख्ख्या खोऱ्यात सांगून झालं होतं.

नुरगाझी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बेगिमाय, दात दुखत होता ना? आता दात तुझ्या मुठीत आहे. मग दुखणं कुठे गेलं?"

तिने मूठ उघडून पाहिली. तिला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, हे शिकवतात कुठे?"

"आहे एक जागा. शेगडी आहे. चहा चांगला असतो."

मामा भडकला. लोकांना दात असतात, ते किडतात, याला धंदा म्हणतात, असं त्याचं म्हणणं होतं. नुरगाझी दिवसभर त्याच्याशेजारी बसला. विचार करणारं माणूस कसं ताठ चालतं, हे त्याने इतकं मनापासून सांगितलं की शेवटी मामाने टोपीने डोळे पुसले. नुरगाझीला हे येत होतं, कारण त्याच्याही अंगणात एकदा सापार नावाचा, विभागाचा तेव्हाचा विद्यार्थी असाच येऊन बसला होता. त्या वर्षी सापारला पदवी मिळाली आणि तो रशियाला निघून गेला.

बेगिमायची बॅग उचलून नुरगाझी स्वतः तिला नारीनला घेऊन गेला. उल्झान बाईंनी तिची गुणपत्रिका बघण्याआधी तिच्या पावलाचं माप घेतलं.

त्याच आठवड्यात नुरगाझी पुन्हा परीक्षेला बसला. चिठ्ठी तीच. त्याने उत्तरही अक्षराला अक्षर तेच सुरू केलं. सरांनी अर्ध्यात हात वर केला आणि पाचपैकी पाच गुण दिले.

"मुरलं का, सर?"

"छान मुरलं."

डिप्लोमा कापला गेला. मांस सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिजवलं, तरी कुणाला चावेना. कुणी तक्रार केली नाही. मानाचे पाहुणे म्हणून डोकं तोक्तोसून सरांपुढे ठेवलं गेलं. मुलांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून कान मुलांना देतात. सरांनी एक कान कापून बेगिमायला दिला. ती तो चघळत नुरगाझीजवळ आली. तिचे डोळे चमकत होते.

"दादा, तुझे उपकार कसे फेडू? वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. चारच वर्षं शिकायला मिळणार."

"खा," नुरगाझी म्हणाला.

तेवढ्यात मामीने त्याला गोठ्याकडे हाक मारली. लेकीच्या पदवीच्या जेवणासाठी तिने एक कोकरू निवडलं होतं. गुबगुबीत, पांढरं, दुधाच्या दातांचं. वडीलधारी मंडळी कुंपणापाशी गोळा झालीच होती. आता फक्त हात उंचावून शब्द द्यायचा होता.

"बघ रे, तू शिकलेला आहेस. घेऊ ना हेच?"

नुरगाझीने कोकराचं तोंड उघडून दात पाहिले, मग हळूच मिटलं.

"कोकरू नको, मामी," तो म्हणाला. "शिंगरू घ्या. घोडं जास्त जगतं."