सुटे टाके

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या आणि ज्याला त्याला कुणासाठी तरी काहीतरी घ्यायचं होतं. त्या गर्दीत गुरांची डॉक्टर पिशव्यांच्या खणापाशी चोरासारखी उभी होती. हातात एक जाड कापडी पिशवी होती. किमतीची चिठ्ठी काढून टाकली, जरा चुरगाळली, की ती घरची वाटली असती.

यंदा नणंदेनं फर्मान काढलं होतं. उद्या सगळे जमतील तेव्हा विकतची भेट चालणार नाही, स्वतःच्या हातची हवी. शिवाय ज्याला जे येतं ते त्यानं करायचं नाही, नवीन काहीतरी शिकायचं. हिच्या वाट्याला आल्या सासूबाई. निम्मी गल्ली त्यांनी शिवलेले कपडे घालून मोठी झाली होती.

हिनं पिशवी शिवली होती. खांद्यावरच्या बॅगेत तळाशी, औषधांच्या खाली ती दडपून ठेवली होती. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायला ही कधी कचरली नव्हती. पण गाय लाथ मारते, शिवण उलटून बघत नाही.

"अगं, तू इथं?"

मागे सासूबाईच. एका हातात खिळ्यांचा पुडा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला ही भली मोठी पट्टी.

"आई, काय झालं हे?"

"हातोडी. उभ्या जन्मात सुईनं कधी रक्त काढलं नाही माझं. जावयाचं स्टूल करतेय ना! तीन पाय बसलेत, चौथा काही केल्या ऐकत नाही." त्यांची नजर पिशवीवर गेली. "ही कुणाला?"

खोटं बोलायचं तर आधी ठरवून ठेवायला हवं होतं. "तुम्हाला," ती म्हणाली.

सासूबाईंनी पिशवी हातात घेतली आणि आधी उलटी केली. कुठलंही कापड हाती आलं की त्या ते आतून बघत. कडेला दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. त्यांनी ते चिमटीत धरून जरासं ओढलं. सर्रकन अख्खी बाजू उसवली.

"अहो काकू!" गल्ल्यावरून दुकानदार ओरडला.

"ओरडू नका, उद्या शिवून आणून देते. पण बघा काय विकताय ते! एक धागा ओढला की सगळा संसार रस्त्यावर." मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि तुझी कुठाय?"

"माझी कुठली?"

"आठवडाभर दार लावून काय करत होतीस? घरातल्या सगळ्या सुया गायब. मला काय समजत नाही?"

आता सुटका नव्हती. सुनेनं औषधं बाजूला सारली आणि पिशवी बाहेर काढली. निळ्या पडद्याच्या कापडाची, तोंडाशी वाकडी. सासूबाईंनी तीही उलटी केली. उजेडाकडे धरली. सुनेला वाटलं, हसू दाबताहेत.

"हे काय गं? दर टाक्याला गाठ? दोरा पुढे का नाही नेलास?"

"नेत नाही आम्ही. प्रत्येक टाका सुटा घालतो. गाय काय, पट्टी बांधली म्हणून पडून राहणार आहे थोडीच? उठते, भिंतीला घासते. एक टाका तुटला तर तेवढाच तुटायला हवा."

"आणि गाठी सगळ्या एका अंगाला?"

"जखमेवर गाठ येऊ द्यायची नसते." तिनं जीभ चावली. "म्हणजे, शिवणीवर. सवय आहे हो हाताला. धावदोरा घालून बघितला, तो साप गेल्यासारखा जात होता. शेवटी चिमट्यात सुई धरली आणि जसं येतं तसं..."

सासूबाईंनी दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना रोवले, पट्टीचासुद्धा, आणि ताकद लावून फाकवले. शिवण हलली नाही. त्यांनी एकेका गाठीवरून बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागच्या बाईनं "जरा सरकता का?" म्हटलं, तरी त्या हलल्या नाहीत.

"हा बंद लांब झालाय."

"हो, तो चुकला."

"असू दे. सगळंच नीट जमलं असतं तर मी आयुष्यभर काय केलं म्हणायचं?"

सून हसली नाही. तिला अजून कळत नव्हतं, वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते.

"पण एक सांगते," सासूबाई म्हणाल्या. "उद्या ही पिशवी बाद होणार बघ."

"इतकी वाईट आहे?"

"नियम काय ठरलाय? येत असलेलं करायचं नाही." त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "तुला हे येतं."

सुनेनं उगीचच औषधांच्या बाटल्या पुन्हा नीट लावल्या.

सासूबाईंनी खिळ्यांचा पुडा त्या निळ्या पिशवीत टाकला, डिंकाची बाटली टाकली, वर एक नवी हातोडीही टाकली आणि गल्ल्यापाशी गेल्या.

"काकू, पिशवी उलटी धरलीत," दुकानदार म्हणाला. "शिवण बाहेर आलीय."

"दिसतंय मला," सासूबाई म्हणाल्या.

रस्ता त्यांच्या ओळखीच्या बायांनी भरला होता. एरवी गर्दीतून झपाझप निघून जाणाऱ्या सासूबाई आज रमतगमत चालल्या होत्या, हिच्याशी दोन शब्द, तिच्याशी दोन शब्द, आणि पिशवी त्यांनी लोकांच्या बाजूच्या खांद्याला अडकवली होती.