ठळक पट्टी

नूपुरताईच्या पीएचडीचं घोडं वर्षभरापासून एका इवल्याशा बाटलीपाशी अडलं होतं. त्यातल्या अँटिबॉडीचं काम एवढंच, की पेशींच्या नमुन्यात हिस्टोन नावाचं प्रोटीन असेल तर फिल्मवर त्या नमुन्याच्या खान्यात काळी पट्टी उमटवायची, नसेल तर नाही. पण फिल्म दर वेळी कोरीच! आणि ही बाटली संपली की विषय संपला, असं गाईड म्हणाले होते.

काल शेवटचा थेंब वापरून ताई लॅबमधून आली आणि चपला न काढताच सोफ्यावर बसली.

"आली पट्टी."

मी तर नाचलेच! लगेच फॅमिली ग्रुपवर टाकूनही मोकळी झाले. काटोलच्या मामाकडून फुलं, फटाके धडाधड यायला लागले. आई टेकडीच्या गणपतीला नारळ बोलली होती, ती पिशवी शोधायला उठली.

"मंग तोंड पाडून काहून बसली वं? ठळक नाही आली का?"

"लय ठळक आली, आई," ताई डोळे मिटूनच म्हणाली.



"ज्या खान्यात मी नुसतं पाणी टाकलं होतं ना, तिथंसुद्धा आली."