डावा हात

"येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. पण हात वर हवाच. सगळ्यांचा." मियाओ बाईंनी शेवटचं बजावलं आणि दाराकडे पाहिलं.

"बाई, थोडंथोडंच येत असेल तर?" मॉनिटरने विचारलं.

"तर मग नाक खाजव," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला. बाईंना हसू आलं नाही. बाहेर हेडमास्तरांचा आवाज आला होता, "या, या, असे इकडून या."

तिघे परीक्षक येऊन मागच्या भिंतीशी बसले. हेडमास्तरांनी स्वतःच्या हाताने त्यांच्यासमोर चहाचे झाकणवाले पेले ठेवले आणि त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली.

फळ्यावर एकच इंग्रजी क्रियापद होतं, टेक. त्याखाली चार रंगांत चार ओळी. हातात घेणं. बसने, गाडीने जाणं. वेळ लागणं. कुणाला तरी सोबत नेणं. या तासाच्या तीन तालमी झाल्या होत्या. कोणत्या वाक्याला कोण उठणार, कोणत्या विनोदावर किती हसायचं, सगळं बसवलेलं. बरोबर उत्तर आलं की वर्गाने दोन टाळ्या देऊन एका सुरात 'व्हेरी गुड' म्हणायचं आणि वर आणखी एक टाळी.

आजचा तास नीट पार पडला तर बाईंची पाच वर्षांची कंत्राटी नोकरी कायम होणार होती. शाळेच्या आवारात खोली मिळणार होती. आणि गावी आईपाशी ठेवलेली लेक इकडे आणता येणार होती. लेक पावणेदोन वर्षांची. हल्ली फोनवर बाई दिसल्या की ती आजीच्या पाठीमागे लपते.

पहिल्या तीन ओळी झरझर झाल्या. उजवे हात, बरोबर उत्तरं, टाळ्या. बाईंच्या हातातल्या खडूचा मात्र घामाने चिखल व्हायला आला होता.

"आता चौथी ओळ," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे आणायचं झालं तर ब्रिंग. इथून दूर न्यायचं झालं तर टेक. आपल्या चिनी बोलीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून आपण नेमके इथेच घसरतो. कोण वाक्य करणार?"

बेचाळीस हात वर गेले. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, पेई निंगचा डावा. उजव्या मुठीत पेन्सिल घट्ट धरलेली. बाईंना नवल वाटलं. परवाच्या तालमीत हिचा उजवा होता. त्यांनी नजर पुढे नेली आणि ठरलेल्या मुलाकडे बोट केलं.

"थांबा बाई." मधले परीक्षक बोलले. असे तास बघण्यातच त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी पेनाने खिडकीकडे दाखवलं. "त्या मुलीला विचारा."

"सर, तिचा घसा जरा बसलाय दोन दिवस..."

"असू दे. हळू बोलेल."

हेडमास्तर खाकरले. बाई म्हणाल्या, "पेई निंग."

निंग उभी राहिली. डावा हात तिने खाली घेतला नव्हता. आता ही 'येत नाही' म्हणणार, आणि मग मागून विचारतील, येत नाही तर हात कशाला वर केला. निंग फळ्याकडे बघत होती. पेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज तेवढा झाला.

"यस्टरडे," निंग म्हणाली, "माय मदर टुक माय ब्रदर टू शेंझेन."

शेंझेन, लोक कामाला जातात ते दूरचं शहर. आणि टुक. भूतकाळ पुढच्या आठवड्यात शिकवायचा होता.

"शी डिड नॉट टेक मी."

दोन्ही वाक्यं बिनचूक. मॉनिटरने पहिली टाळी दिली, आणि मग सगळा वर्ग एका ठेक्यात. दोन टाळ्या. "व्हेरी गुड!" आणखी एक टाळी. निंगनेही द्यायची म्हणून दिली, पेन्सिलसकट.

"छान. येतंय की हिला," परीक्षक म्हणाले. पण त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. "मग हात डावा कसा? वर्गात आणखीही तीनचार डावे दिसले मला. त्यांतल्या एकालाही तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी पेन पुन्हा निंगकडे वळवलं. "डावखुरी आहे का ही?"

हेडमास्तर त्यांच्या शेजारून बाईंकडे डोळे वटारून बघत होते आणि मान जोरजोरात वरखाली हलवत होते.

आवारातली ती खोली बाईंनी परवाच पाहून ठेवली होती. खिडकीला गज होते. पोर चढली तरी पडायची भीती नाही.

"हो सर," बाई म्हणाल्या. "डावखुरी आहे."

"असं."

"चला, वाक्यं वहीत लिहून घ्या सगळ्यांनी," बाई घाईने म्हणाल्या. पुढे हेच ठरलं होतं. वह्या उघडल्या. परीक्षक मात्र उठले आणि बाकांच्या मधून सावकाश पुढे येऊ लागले.

पेई निंगने एकदा बाईंकडे पाहिलं. मग तिने उजव्या मुठीतली पेन्सिल डाव्या हातात घेतली, वही जराशी तिरपी केली, आणि ओठ दाताखाली धरून लिहायला लागली. पहिलंच अक्षर रेघेखाली घसरलं.