मागच्या बाकावरचे पाहुणे

एस्तेरमावशी चर्चच्या मागच्या खोलीत फादरांच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होत्या. संगमनेरहून नुकतेच बदलून आलेले फादर कौतुकानं सांगत होते, "हा झगा मुळात आमचा नव्हेच, मावशी. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये साधी माणसं असाच पायघोळ झगा घालायची. लोकांचे कपडे बदलले, आमचा तेवढा तसाच राहिला."

मावशींचा हात थांबला.

"मी रोज सकाळी चर्चचं कुलूप काढते, तवा मागच्या बाकावर असलेच झगेवाले बसलेले आसत्यात. मला वाटायचं, तुमच्याकडं आलेले पाहुणे फादर."

"माझ्याकडं तर कुणीच आलेलं नाही!"

"व्हय ना," मावशी हळूच म्हणाल्या, "फादर लोकांच्या मांडीवर तान्ही लेकरं कशी, ते कोडं आज सुटलं."