शेगडीवरचा आकडा

शेगडीवरच्या छोट्या पडद्यावर गॅसचा भाव मिनिटागणिक बदलताना दिसायचा. आखातात जहाजं अडकल्यापासून गेले नऊ दिवस तो नुसता चढत होता. त्यातल्याच एका गॅसच्या जहाजावर हर्णैच्या वसुधाचा नवरा होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

सासूबाई येताजाता बजावायच्या, "आच बारीक ठेव. मेला आकडा बघितलास ना?"

आज भात शिजता शिजता आकडा धाडकन निम्म्यावर आला. बातम्यांत अजून काहीच नव्हतं.

"आई, भाव उतरला!" वसुधा ओरडली. "जहाजं सुटली!"

सासूबाईंनी डोळे बारीक करून आकडा दोनदा वाचला आणि त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"आता कर मोठी आच," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "शिरा कर, त्याच्या आवडीचा."