म्हाताऱ्याचा कोट

म्हाताऱ्याला कोट नव्हता. अंगात पेंढा, कमरेला गोणपाट, डोक्याच्या जागी मडकं आणि मडक्यावर कोळशाच्या मिशा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी असा उघडाबंब म्हातारा बाळकुम गावभर फिरवला असता, तर शेजारच्या कोलशेतच्या पोरांनी पुढचा नाताळ येईपर्यंत दात काढले असते.

"तुमचे घरान कोट नाय का गो?" शेवंतीनं विचारलं. शेवंती हिंदू कोळ्यांची, पण नाताळ आला की तिचा मुक्काम रेजिनाच्याच घरी. करंज्या वळायलाही ती पुढे आणि म्हाताऱ्याच्या पोटात पेंढा कोंबायलाही तीच.

कोट होता. रेजिनाच्या बाचा, काळा, लग्नातला, चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेला तेवढा घालायचा. पण नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत बाचा मचवा कोपरीजवळ आगगाडीच्या पुलाला आपटून उलटला. बरोबरचे खलाशी मिळाले, बा मिळाला नाही. तेव्हापासून आय त्याच्या पेटीला कुणाला हात लावू देत नव्हती. विधवेचं काळं लुगडं नेसत नव्हती. रोज बाचं ताट वाढायची, झाकायची, आणि रेजिनाकडे बघायची ती भिंतीकडे बघावं तशी.

तेवढ्यात आय ओटीवर आली. हातात कोट.

"घ्या," ती म्हणाली. "बटणं सगळी लावा. त्याला वारा सोसत नाय."

रेजिनाला उडी मारावीशी वाटली, आणि तिनं मारलीच! आयनं पेटी उघडली. सुटली एकदाची! आता संध्याकाळी म्हातारा जळेल, त्याच्यासंगती कोट जळेल, उद्या अठराशे नव्वद लागेल, आय पोटभर रडेल आणि मग पहिल्यासारखी आपली वेणी घालेल. म्हातारा जाळला की जुनं वर्ष गेलं. घरात राहिला तर तेही घरातच ठाण मांडून बसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शेवंतीनं म्हाताऱ्याला कडेवर घेतलं. "अगो, तान्ह्या पोरावानी हलका हाय!"

निघाली वरात. "म्हातारा चालला होऽ, म्हाताऱ्याला वाटेचं द्या!" कुणी करंज्या दिल्या, कुणी नारळाच्या वड्या. शेवंतीच्या आज्यानं, गोमाजी तांडेलानं, आपली चिलीम मडक्याच्या मिशांखाली धरली. "ओढ बाबा, शेवटची." पोरं लोळायची बाकी राहिली.

एकच खोड. मडकं राहून राहून एका अंगाला वळायचं. रेजिना सरळ करायची, पुढच्या घरी कुणी बोलायला लागलं की पुन्हा वळायचं.

"कान देऊन ऐकतोय मेला!" शेवंती खिदळली.

रेजिनाच्या अंगावर काटा आला. बाला एका कानानं ऐकू यायचं नाही. कुणी बोललं की तो मान अश्शीच वळवायचा. वाऱ्यानं होत असेल, झालं.

शेवटचं घर रेजिनाचं. आयनं टेबलावर नाताळची चादर अंथरली होती आणि बाची खुर्ची पुढे ओढली होती.

"बसवा त्याला."

पोरांनी हसत हसत बसवला. आय वळसा घालून त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेली. "एवढा उशीर?" ती म्हणाली, आणि तिनं वाढायला घेतलं. भाकरी, बोंबलाचं कालवण, फेणीचा पेला. पोरं आधी हसली. मग एकेक करून हसायची थांबली.

बाहेर मैदानात लाकडं रचून झाली. दिवेलागण झाली तसा पावलूकाका दारात आला. बाचा धाकटा भाऊ.

"वयनी, दे त्याला. गाव खोळंबलंय."

"जेवतोय तो."

पावलूकाकानं रेजिनाला ओटीवर ओढलं. "आज ह्यो गेला नाय, तर तुझी आय बी गेली समज पोरी. उचला तुम्ही. मी हाय."

रेजिनानं म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले. म्हातारा हलला नाही. शेवंतीनं पाय धरले. दोघी लालबुंद झाल्या, पण तो जागचा ढळेना. "सरा गो, पेंढाच तर हाय," म्हणत पावलूकाका पुढे झाला. मिठाची गोण एका झटक्यात खांद्यावर घेणारा गडी! त्यानं कंबर बांधली आणि जोर लावला. खुर्ची करकरली. कोटातून ओहोटीच्या चिखलाचा वास आला. काकानं हात सोडले, धोतराला पुसले, आणि छातीवर क्रूस काढला.

कालवणावर साय धरत होती.

रेजिना आयच्या पायाशी बसली. "आय, जाऊ दे गो त्याला. मी हाय ना."

आयनं मान खाली करून तिच्याकडे पाहिलं. भिंतीकडे बघावं तसं नाही. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, बोटांनी, हळूहळू, जणू लांबच्या गावाहून आत्ताच आली होती आणि लेक केवढी झाली ते बघत होती. मग ती म्हाताऱ्याकडे वाकली, त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. समोरचं ताट उचललं. दाराची दुसरी फळी उघडली.

"ओढाताण करू नका त्याची," ती म्हणाली. "चालता येतं त्याला."

शेवंतीनं रेजिनाचा दंड घट्ट धरला. पोरं भिंतीला चिकटली. आणि एवढा मोठा पावलूकाका, तोही दारातून बाजूला झाला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेत.