दुसरा पर्याय

विमा कार्यालयातल्या मॅडमनी फॉर्म दिगंबर खोतांपुढे सरकवला. "पहिल्या पर्यायात महिन्याला चौदा हजार पेन्शन, पण काका, तुम्ही असेपर्यंतच. दुसऱ्यात बारा हजार, आणि तुमच्यानंतर तेवढीच पेन्शन काकूंना, त्या असेपर्यंत."

साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटरची नोकरी करून हाती आलेली रक्कम खोत आज गुंतवत होते. "पहिला," त्यांनी लगेच सांगितलं. "पुढे हिला बघायला मुलगा आहेच."

त्यांची बायको शालन शेजारीच बसली होती. पैशांच्या व्यवहारात ती आजवर कधी बोलली नव्हती. खोत खूण करणार तेवढ्यात तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मला दुसरा हवाय," ती म्हणाली. "मुलगा चांगलाच आहे. माझा भाऊही चांगलाच होता. तरी आईच्या गोळ्या संपल्या की त्याला सांगायला ती चार दिवस घ्यायची. तेवढे दिवस दुखणं सोसायची."

खोतांनी फॉर्म जवळ ओढला. मग त्यांनी दुसऱ्या पर्यायापुढे खूण केली आणि सही केली.

जिना उतरताना ते म्हणाले, "मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"आता विचारत जा."

खोतांनी मान हलवली. रस्त्यावर आल्यावर ते थांबले. एरवी ते सरळ चालायला लागले असते. "घरी कसं जायचं?" त्यांनी विचारलं. "चालत की रिक्षाने?"

शालनला हसू आलं.

"रिक्षाने," ती म्हणाली.